ऊन, तार आणि बॅटरी यांची पाळी



दौंड तालुक्यातल्या एका श्रोत्याचं पत्र आलं आहे. मळ्यात घर, दावणीला चार संकरित गाई. गेल्या वर्षी त्यांनी घराच्या स्लॅबवर तीन किलोवॉटची सोलर पॅनेलं बसवली. अनुदान खात्यात जमा झालं, वीजबिल जवळजवळ शून्यावर आलं. तरी पत्राचा सूर तक्रारीचा आहे. ते लिहितात, "वीज माझ्या घरावर तयार होते. मग लाईट गेली की माझ्याच घरात अंधार का? भर दुपारी डोक्यावर ऊन तापलेलं असतं आणि खाली पंखा बंद. शेजारी हसतात. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, तुम्ही हायब्रीड घ्यायला पाहिजे होतं. हे हायब्रीड म्हणजे नेमकं काय, आणि त्याने ते आधी का सांगितलं नाही?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या विकणाऱ्यालाच ठाऊक. पहिल्याचं आम्ही देतो. कार्यक्रमात ऐकताना आकडे टिपून घेता येत नाहीत, म्हणून ते या पत्रकात छापले आहेत.

रात्री लाईट जाणं ही आपल्याकडे आता नुसती गैरसोय राहिलेली नाही. शिरूरच्या उत्तर पट्ट्यात, घोड नदीच्या बाजूने, उसात बिबट्याने मुक्कामच केला आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड आणि जांबूत या शेजारच्या गावांत तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लेकरं होती. दौंडच्या भीमाकाठालाही ऊस कमी नाही, तिथेही लोक सांज झाली की पोरांना घरात ओढतात. दिवा लावला म्हणून बिबट्या येत नाही असं कोणी समजू नये. पण पहाटे धारेला उठलेल्या बाईमाणसाला गोठ्याच्या कोपऱ्यात काय बसलं आहे ते दिसलं पाहिजे की नको? मोबाईलच्या उजेडात ते दिसत नाही. तेव्हा आजचा विषय बिल वाचवण्यापुरता धरू नका.

लाईट गेली की पॅनेलं का बंद पडतात

पॅनेलातून निघणारी वीज डीसी असते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, ट्रॅक्टरच्या बॅटरीत असते तशी. घरातली वीज एसी असते. ती २३० व्होल्टची असते आणि सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. डीसीची एसी करणारं यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. घरावर अनुदानातून जी पॅनेलं बसतात, त्यांना बहुधा ऑनग्रीड इन्व्हर्टर लावलेला असतो. त्याला स्वतःचा ठेका नाही. तो महावितरणच्या तारेवरच्या विजेचा ठेका ऐकतो आणि त्याच ठेक्यावर आपली वीज मिसळतो. तुकोबांची पालखी यवत-वरवंडच्या वाटेने जाते तेव्हा वारकरी टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकतात ना, तसंच. टाळ थांबला की पाऊल थांबलं.

हा इन्व्हर्टर बिघडलेला नाही. त्याला मुद्दाम तसं बनवलेलं आहे. समजा दुपारी लाईन गेली. वायरमन डीपीवर बंद करून खांबावर चढला. तार मेलेली आहे अशा भरवशावर त्याने हात घातला, आणि त्याच वेळी तुमच्या स्लॅबवरची पॅनेलं मागच्या बाजूने तारेत वीज सोडत असली, तर? तो माणूस तुमच्याच गावचा, तुमच्याच ओळखीचा असतो. म्हणून तारेतली वीज गेली की ऑनग्रीड इन्व्हर्टरने क्षणात बंद पडलंच पाहिजे, असा नियम आहे. तो मोडण्याची युक्ती कोणी सांगू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता आपल्या मळ्यांची गोष्ट निराळी कशी, ते पाहा. गावठाणातल्या घराची लाईट गेली तर तासा-दोन तासांत येते. पण मळ्यातली पुष्कळ घरं शेतीच्या फीडरवर आहेत. या फीडरला थ्री फेज वीज पाळीने मिळत आली आहे, काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. थ्री फेज गेल्यावर काही फीडरांवर सिंगल फेज चालू ठेवतात, काहींवर तीही जाते. जिथे तीही जाते, तिथे रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसभर तार मेलेली आणि वर ऊन फुकट. ऑनग्रीड इन्व्हर्टर दिवसभर झोपलेला राहणार. म्हणजे ज्याच्यासाठी पॅनेलं घेतली ते बिलसुद्धा नीट कमी होणार नाही. घ्यायच्या आधी आपल्या फीडरचा हा हिशेब कोणी मांडत नाही, आणि नेमकी तिथेच फसगत होते.

दिवसा वीज मिळावी म्हणून शासनाची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. उपकेंद्राजवळ मोठे सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे, असा तिचा बेत आहे. तुमचा फीडर त्यात आला आहे का, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारा. आला असेल तर तुमचा निम्मा प्रश्न मिटला आणि पुढचं गणित बदललं.

एका खोक्यात तीन वाटा

घरात आपण जो साधा इन्व्हर्टर-बॅटरी ठेवतो, त्याला तार आणि बॅटरी एवढ्या दोनच वाटा. ऑनग्रीडला ऊन आणि तार या दोन. हायब्रीड इन्व्हर्टरला तिन्ही: ऊन, बॅटरी आणि तार. शिवाय त्याला स्वतःचा ठेका धरता येतो. तार गेली की तो तारेकडचा दरवाजा आतून बंद करतो, म्हणजे खांबावरचा वायरमन सुरक्षित. मग घराच्या ठरावीक लाईनवर स्वतःच २३० व्होल्ट उभे करून ऊन आणि बॅटरी यांवर घर चालवतो. हा बदल सेकंदाच्या लहानशा भागात होतो. दिवा एकदा लुकलुकला तर लुकलुकला, फ्रीजला पत्ताही लागत नाही.

आता हा दरवाज्यांचा खेळ शेताच्या भाषेत सांगतो. तुमच्या शिवारात तीन पाणी आहेत असं धरा. एक ओढ्याचं. आलं तेव्हा आलं, धरलं तर आपलं, नाही तर वाहून गेलं. दुसरं शेततळ्याचं, साठवलेलं. तिसरं खडकवासल्याच्या किंवा चासकमानच्या पाटाचं, आवर्तन असेल तेव्हा मिळणारं. ओढा म्हणजे ऊन, शेततळं म्हणजे बॅटरी, पाट म्हणजे महावितरणची तार. आणि दारं धरणारा शहाणा गडी म्हणजे हायब्रीड इन्व्हर्टर. ओढ्याला पाणी आहे तोवर तो आधी ते पिकाला देतो. उरलं तर तळ्यात सोडतो. ओढा आटला तर पाटाचं दार उघडतो. पाटही बंद असेल तर तळ्याचं पाणी काढतो. हे सगळं तो न सांगता, दिवसातून शंभर वेळा करतो. ढग आला, ढग गेला, घरात मिक्सर लागला, बंद झाला, तसतशी दारं कमीजास्त होतात. एकाच वेळी दोन दारं अर्धी-अर्धी उघडी ठेवणंही त्याला जमतं: घराला १२०० वॉट हवे आणि ढगामुळे पॅनेलं ८०० देत असतील, तर वरचे ४०० तारेतून किंवा बॅटरीतून.

एका ठिकाणी मात्र पाण्याचा दाखला चालत नाही. ओढ्याचं जास्तीचं पाणी पाटात सोडून पाटबंधारे खात्याकडून त्याचा मोबदला घ्या म्हटलं तर खातं हसेल. विजेत मात्र ते होतं. घराला पुरून, बॅटरी भरून उरलेली वीज तारेत जाते आणि नेट मीटर ती मोजतो. रात्री घेतलेल्या युनिटांतून ती वजा होते.

इथे एक सावधगिरी. बाजारात हायब्रीड या नावाने दोन जातीचे माल विकले जातात. एक खरा, जो तारेत वीज परत देऊ शकतो आणि नेट मीटरला चालतो. दुसरा नुसता सोलरवर चालणारा घरगुती इन्व्हर्टर, ज्याला तारेची वीज घेता येते पण देता येत नाही. दुसरा वाईट नाही; स्वस्त असतो आणि मळ्यात कामाचा आहे. पण त्यात दुपारची उरलेली वीज वाया जाते आणि बिलात वजावट मिळत नाही. दुकानदाराला सरळ विचारा, "हा तारेत वीज सोडतो का? महावितरण याला नेट मीटर देईल का?" आणि उत्तर कोटेशनवर लिहून मागा.

पाळी कोणती लावावी

खोक्याच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात, ती पाहून माणूस बिचकतो. बिचकण्यासारखं काही नाही. एस म्हणजे सोलर, बी म्हणजे बॅटरी, यू म्हणजे युटिलिटी, म्हणजेच महावितरणची तार. अक्षरं ज्या क्रमाने, पाळी त्या क्रमाने. एस-बी-यू असेल तर आधी ऊन, मग बॅटरी, ती उतरली की तार. एस-यू-बी असेल तर आधी ऊन, मग तार, आणि तार गेली तरच बॅटरी. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, मतलब हाच.

बसवणारा बहुधा एस-बी-यू लावून जातो, कारण त्यात तारेची वीज कमीत कमी लागते आणि गिऱ्हाईक खूश होतं. आमचं मत विचाराल तर मळ्यातल्या घराने, नेट मीटर असेल तर, एस-यू-बी लावावं. का, ते सांगतो. एस-बी-यू मध्ये सूर्य मावळला की घर बॅटरीवर जातं. टीव्ही, पंखे, फ्रीज सगळं बॅटरी खातं. रात्री अकराला ती अर्ध्यावर येते, आणि लाईट जाते साडेअकराला. आता पहाटेपर्यंत गोठ्याचा फोकस कशावर चालणार? तारेची वीज हाताशी असताना शेततळं उपसून टाकलं आणि आवर्तन बंद झाल्यावर तळं कोरडं, अशी गत. शिवाय नेट मीटर असताना दुपारी दिलेलं युनिट रात्री वजा होतंच, मग बॅटरी रोज झिजवून हाती काय येतं? बॅटरी रोज भरली-उपसली की तिचं आयुष्य घटतं.

नेट मीटर नसेल, किंवा वीज रोज सात-आठ तास जातच असेल, तर एस-बी-यू ठीक. पण मग त्यातली राखीव मर्यादा वर ठेवा. बॅटरी किती टक्क्यांवर आली की तारेवर परत जायचं, ते यंत्राला सांगता येतं. ती मर्यादा साठ टक्क्यांवर ठेवली तर रात्रीसाठी साठा उरतो. बियाण्याचं पोतं आपण जसं बाजूला काढून ठेवतो, तसं.

आणखी एक कळ आहे, बॅटरी कशाने भरायची ती. उन्हाळ्यात नुसती उन्हावर ठेवली तरी चालते. जून ते सप्टेंबर मात्र ऊन आणि तार दोन्ही चालू ठेवा. आषाढात आभाळ चार-चार दिवस उघडत नाही. नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहिलात तर बॅटरी भरणारच नाही, आणि लाईट जाण्याचे दिवसही तेच.

हिशेब आपला आपण करावा

आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटची पॅनेलं चांगल्या दिवशी साधारण चार युनिटं देतात. तीन किलोवॉटची बारा. दाट आभाळाच्या दिवशी तीच तीन-चार युनिटांवर येतात. हे झालं उत्पन्न. आता रात्रीचा खर्च काढू. वेळ संध्याकाळी सात ते सकाळी सहा, आणि लाईट रात्रभर नाही असं धरू.

नऊ वॉटचे चार बल्ब पाच तास: १८० वॉट-तास. जुने ७५ वॉटचे दोन पंखे आठ तास: १,२००. गोठा आणि अंगण यांचे ५० वॉटचे दोन एलईडी फोकस अकरा तास: १,१००. टीव्ही, मोबाईल मिळून १५०. बेरीज २,६३०. आता एक खर्च असा, जो कोणी सांगत नाही. इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. मध्यम आकाराचा हायब्रीड नुसता चालू राहायला चाळीस-पन्नास वॉट घेतो. अकरा तासांचे ते ५५०. डीसीची एसी होताना दहाव्या हिश्श्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते. सगळं धरून साडेतीन युनिटं झाली. (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट.)

ही साडेतीन युनिटं द्यायला बॅटरी किती हवी? बारा व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटांची असते. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, उतरवली तर लवकर मरते. म्हणजे कामाचं ०.९ युनिट. अशा चार लागतील. लिथियमची ५१ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एक पेटी पाच युनिटांची येते आणि तिच्यातलं ऐंशी-नव्वद टक्के वापरता येतं. एकीत काम होतं. लिथियमला आधी पैसे जास्त लागतात, पण पाणी घालायची कटकट नाही आणि ती ट्यूब्युलरच्या दुपटीहून अधिक टिकते. लिथियम घेताना लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचीच घ्या, ती तापण्याच्या बाबतीत अधिक सुरक्षित आहे.

पण थांबा. बॅटरी विकत घेण्याआधी खर्च कमी करून पाहा. जुन्या पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले आणि फोकस ५० ऐवजी ३० वॉटचे घेतले, तर वरचा हिशेब साडेतीनवरून सव्वादोन युनिटांवर येतो. चार बॅटऱ्यांचं काम तिनांत भागेल इतकी ही घट आहे. आम्हाला विचाराल तर पहिले पैसे पंख्यांत घाला.

आता त्या दौंडच्या श्रोत्यांना. तुमचा ऑनग्रीड इन्व्हर्टर काढून टाकून हायब्रीड घेण्याची घाई करू नका. तुमच्या फीडरवर दिवसा तार बहुधा जिवंत राहत असेल, आणि तुमची अडचण रात्रीच्या दोन-चार तासांचीच असेल, तर साधा घरगुती इन्व्हर्टर आणि १५० ची एक ट्यूब्युलर बॅटरी पुरे. ती तारेवर भरेल. त्या युनिटांची भरपाई तुमची पॅनेलं दिवसा करतीलच. गोठ्याचा ३० वॉटचा एक फोकस रात्रभर, चार बल्ब पाच तास आणि एक बीएलडीसी पंखा, एवढं एका बॅटरीत बसतं. दुपारी लाईट गेल्यावर पॅनेलं बंद पडायची ती पडतीलच, तेवढं सोसायचं. पण तुमच्याकडे दिवसच्या दिवस तार मेलेली राहत असेल, तर हायब्रीडला पर्याय नाही. अशा वेळी पॅनेलं तीच राहतात, खोकं बदलतं. बदलण्याआधी महावितरणला कळवून संमती घ्या, कारण तुमच्या नेट मीटरच्या कागदावर जुन्या इन्व्हर्टरची नोंद आहे.

नव्याने घेणाऱ्यांनी प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे आकडे ध्यानात ठेवावेत. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या या योजनेत एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोन किलोवॉटला ६०,००० आणि तीन किलोवॉट किंवा जास्तीला ७८,००० रुपये असं अनुदान ठरवलं आहे. ते पॅनेलांच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीवर नाही. बॅटरीचा सगळा खर्च आपला. आणि योजना घरगुती जोडणीला आहे. मळ्यातल्या घराला शेतीपंपाच्या मीटरवरूनच वायर ओढलेली असेल, तर आधी घरगुती मीटर घ्यावा लागेल.

विहिरीची मोटर यावर चालेल का?

शिरूरहून हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर: घरच्या हायब्रीडवर नाही. पाच अश्वशक्तीची मोटर चालताना चार किलोवॉटहून जास्त वीज ओढते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. ती थ्री फेज असते, घरचं खोकं बहुधा सिंगल फेज. जोराने लावाल तर खोकं बंद पडेल, नशीब वाईट असेल तर जळेल. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी वीजबिल माफ केलेलं आहे, मग त्यासाठी बॅटरीत पैसे कशाला घालायचे?

ज्यांना पंपाची जोडणीच नाही, त्यांनी मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेकडे जावं. तिथे शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. या पंपाला बॅटरी नसते. ऊन वाढेल तसं पाणी वाढतं आणि विजेचा साठा करण्याऐवजी पाण्याचाच साठा शेततळ्यात करता येतो. रात्री उसात दारं धरायला जाणं वाचतं, ही त्यातली मोठी गोष्ट.

धारा काढायचं यंत्र एक अश्वशक्तीचं असेल तर तीन किलोवॉटच्या हायब्रीडवर चालतं. सुरू होतानाचा झटका खोकं सोसेल का, एवढं आधी विचारून घ्या. कडबाकुट्टी बॅटरीवर नको. ती दुपारी उन्हावर चालवावी.

बसवताना

पॅनेलांचं तोंड दक्षिणेला आणि उतार अठरा-एकोणीस अंशांच्या आसपास, शिरूर-दौंडला तो बरोबर बसतो. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा धरा. कडुनिंबाची किंवा चिंचेची सावली एका पॅनेलावर पडली तरी तिच्यासोबत जोडलेली सगळी रांग मंदावते. जमिनीवर बसवणार असाल तर शेजारी ऊस लागेल तेव्हा तो कुठवर चढेल, तेही मनात धरा.

धूळ पुसावीच लागते. पाचट पेटवल्यावर उडणारी राख, दौंडकडे गुऱ्हाळांचा धूर, रस्त्याची माती, सगळं काचेवर बसतं. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, सकाळी काच गार असताना, मऊ फडक्याने धुवा. बोअरचं जड पाणी वापरून तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग पडतात, तेव्हा शेवटी पुसून घ्या. मोराची चिंचोलीच्या मंडळींनी जरा जास्तच लक्ष ठेवावं. मोर ओळखीचा झाला म्हणून तो पॅनेलावर बसून घाण करायची राहत नाही.

अर्थिंग तीन आणि तिन्ही वेगवेगळी हवीत: एक वीजरोधकाचं, एक पॅनेलांच्या डीसी बाजूचं, एक एसी बाजूचं. वळवाच्या पावसात विजा किती कडाडतात ते तुम्हाला सांगायला नको. तिन्ही एकाच खड्ड्यात आणणारा कामगार पैसे वाचवतो, पण ते त्याचे. पॅनेलांच्या दोन वायरींत दिवसा तीनशे-चारशे व्होल्ट असू शकतात आणि ऊन आहे तोवर ते बंद करता येत नाहीत. पोरांना आणि माकडांना त्या वायरींपासून दूर ठेवा. ट्यूब्युलर बॅटऱ्या हवेशीर जागी ठेवा, कडब्याच्या गंजीजवळ किंवा चुलीच्या खोलीत कधीही नाही. भरताना त्यांतून पेट घेणारा वायू निघतो. त्यांत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं, विहिरीचं नव्हे.

वायरिंगचं सगळ्यात नाजूक काम पुढे आहे. हायब्रीडमधून घराकडे दोन लाईनी निघतात. एक नेहमीची, जी तार गेली की मरते. दुसरी बॅकअपची, जी जिवंत राहते. गोठ्याचा फोकस, घरातले दिवे, दोन पंखे, धारा यंत्र, एवढंच बॅकअपवर घ्यायचं. गिझर, इस्त्री, कडबाकुट्टी नेहमीच्या लाईनीवर. पुष्कळ यंत्रांत बॅकअपचा न्यूट्रलही वेगळा ओढावा लागतो. जुन्या घरात सगळे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात आणि नवा वायरमन ते तसेच ठेवतो. मग यंत्र उगाच बंद पडत राहतं आणि दोष यंत्राला लागतो. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे गावची पोरं असली हातची कामं शिकून बाहेर पडतात. असा शिकलेला पोरगा गावात असेल तर कामाच्या दिवशी त्याला चहाला बोलवा आणि शेजारी उभा करा.

काम पूर्ण झालं, की शेवटचे पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. ती संध्याकाळी, अंधार पडल्यावर घ्यावी. बॅकअपवरचे सगळे दिवे लावा, गोठ्याचा फोकस लावा, आणि बसवणाऱ्याच्या समोर मीटरशेजारचा मेन स्विच खाली करा. फोकस जळत राहिला पाहिजे. अर्धा तास तसंच राहू द्या, पडद्यावर बॅटरी किती टक्के उतरली ते वहीत लिहा, आणि मेन वर करून यंत्र आपोआप तारेवर येतं का ते पाहा. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला, सगळे पंखे लावून, हेच पुन्हा करा. दोन्ही वेळा घर चालू राहिलं तर पैसे द्या. सूर्यघर योजनेतल्या कामाला पाच वर्षं देखभाल करण्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर असते. त्याचा कागद, पॅनेलांची आणि बॅटरीची हमीपत्रं, आणि वहीतला तो टक्क्यांचा आकडा एकाच पिशवीत ठेवा. पुढच्या वर्षी याच महिन्यात मेन पुन्हा खाली करून तेवढ्याच दिव्यांवर अर्ध्या तासात किती टक्के उतरली ते बघा, आणि नवा आकडा जुन्याच्या खाली लिहा.